न गळलेली बोंडं

चैत्र लागला की आमच्या पडवीच्या कौलांवर बोंडं पडू लागतात. टक् असा आवाज होतो, बोंड घरंगळत पन्हळीशी येऊन थांबतं, मग बराच वेळ काही नाही, आणि आपण विसरलो की पुन्हा टक्. सुपारीएवढी, फार तर लिंबाएवढी, देठाशी फिकट टोपी घातलेली ही नारळाची बाळं. मोठं व्हायचं सोडून ती खाली का येतात, हे इतकी वर्षं या माडांखाली काढूनही मला नीट कळलेलं नाही. सकाळी अंगण झाडताना ती केरसुणीपुढे गोळा होतात. त्यातलं एखादं मी उचलते, उलटंसुलटं करून बघते, नखाने टोपी काढते. आत काय बिनसलं होतं ते बाहेरून काही दिसत नाही. मग ते केरात टाकून देते.

माडाला जेवढं पेलतं तेवढं तो ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो, असं जाणते लोक सांगतात. ऐकताना ते पटतं. पण मग मनात येतं, कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे त्याला कोण सांगतं? आणि त्याचा हात धरून कुणी म्हणालं, 'सोडू नकोस, सगळं ठेव,' तर त्याने ऐकावं की ऐकू नये? एका वर्षी आमच्या घरात हे असं घडलं. बाटलीतलं औषध मारून आम्ही एका माडाला सगळं ठेवायला लावलं. ते बरं झालं की वाईट, असं मला आजही कुणी विचारलं तर मी तोंड उघडते आणि पुन्हा मिटते.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. मी सावंतवाडीची, तळ्याकाठी वाढलेली, लग्न होऊन इकडे मालवणच्या किनाऱ्याला आले. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे चिंचोळ्या पट्टीत आमची वाडी. नवरा मुंबईला नोकरीवर. तो मे महिन्यात यायचा आणि फणस-आंबे घेऊन परत जायचा, म्हणजे तोही एक हंगामच म्हणायचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात सासरे, म्हणजे आबा, नणंद सुलू आणि मी. आबा एकेकाळी गलबतावर तांडेल होते. गलबतांचे दिवस सरल्यावर ते माडांकडे वळले, पण वाऱ्याकडे बघायची सवय काही सुटेना. पडवीत बसून माडांच्या शेंड्यांकडे बघत राहायचे आणि कुणी काही विचारलं की आधी वारा कुठला आहे ते सांगायचे.

आमच्या घरात तेलही माडाचं आणि दोरही माडाचा. अंगणात खोबरं वाळत पडलेलं असायचं, त्याचा गोडूस तेलकट वास साड्यांना लागायचा. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, खाडीच्या चिखलात पुरलेली असायची. महिनोन्‌महिने कुजून ती वर आली की बडवून काथ्या काढायचा आणि त्याचं सुंभ वळायचं. त्या कुजलेल्या सोडणांचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी पदर नाकाला लावून मागल्या दारी पळाले होते. सुलू खदखदा हसली. "वहिनी, ह्यो वास येवचो बंद झालो काय समज, ह्या घरातली माणसां मेली," असं म्हणाली. पुढे मला तो वास येईनासा झाला. म्हणजे वास होताच, मला कळेनासा झाला. आता खाडीत कुणी सोडणं पुरत नाही, तर तो वास कधी कधी उगाच आल्यासारखा वाटतो आणि मी दारात जाऊन उभी राहते.

सुलू मोठ्याने हसायची, मोठ्याने बोलायची, काथ्या बडवायला बसली की शेजारच्या वाडीत ऐकू जायचं. नाकीडोळी नीटस, कामाला वाघीण. तरी तिचं लग्न अडलेलं, आणि ते अडलं होतं माडावर. मला माहेरी कुणी हे सांगितलं असतं तर मी थट्टा समजले असते.

आमच्या वाडीची रीत अशी की घरात मूल जन्मलं की त्याची नाळ पुरायची आणि तिच्यावर नारळाचं रोप लावायचं. तो त्या मुलाचा माड. पुढे मुलीचं लग्न ठरलं की तिच्या माडाचा एक असोला, म्हणजे न सोललेला नारळ सासरी पाठवायचा. मुलाच्या आईने तो आपल्या हाताने सोलायचा, फोडायचा, आणि त्याचं खोबरं गुळात कालवून जमलेल्या सगळ्यांना वाटायचं. ते तोंडात पडलं की सोयरीक पक्की. त्याआधी कुणी कितीही हो म्हणो, ते बोलणं हवेतच. सुलूचा माड विहिरीजवळ होता, सरळ, उंच, दिसायला देखणा, आणि एकूण एक बोंड खाली टाकणारा. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, फुटायची, बोंडं धरायची, आणि चैत्र-वैशाखात सगळी गळून जायची. स्थळं यायची, बोलणी व्हायची, आणि कुणीतरी विचारायचंच, "चेडवाच्या माडाक नारळ धरले काय?" आबा शेंड्याकडे बघायचे आणि वारा कुठला आहे ते सांगायचे.

"दुसऱ्या माडाचा नारळ दिला तर नाही का चालत?" असं मी एकदा विचारलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुलूच्या जागी दुसऱ्या कुणा मुलीला बोहल्यावर उभं करू का, असंच मी विचारलं होतं. सुलू मात्र हसून म्हणाली, "माका घोव मेळणा नाय तो ह्या मेल्यामुळे. तेका सांगा, आधी तू लगीन कर, मगे मी करतंय." हसली, पण त्या दिवशी काथ्या जरा जास्तच जोरात बडवला.

असे दिवस चालले असताना शेतकी खात्याचे साहेब आले. साहेब म्हणायचं इतकंच, वयाने सुलूपेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठे. देशावरचे, अंगाने किडकिडीत, आणि आमच्या दमट हवेने बेजार झालेले. सारखे रुमालाने मान पुसायचे आणि छापील मराठी बोलायचे. त्यांच्याकडे एक बाटली होती. तिच्यातल्या औषधाला ते संजीवक म्हणत. देशावर भुईमुगावर, तिळावर असली औषधं मारून पाहताहेत, कपाशीची बोंडं गळायची थांबतात, अंबाडी उंच होते आणि तिचा धागा लांब निघतो, असं त्यांनी पडवीत बसून सांगितलं. नारळ तर तेलाचाही आणि धाग्याचाही, तेव्हा इथे करून पाहायला हवं. आबा डोळे बारीक करून ऐकत होते.

"ह्यां औषध करता काय?" आबांनी विचारलं.

"हे झाडाच्या अंगात मुळातच असतं. कुठे वाढायचं, काय धरायचं, काय सोडायचं, ते यावर ठरतं. आपण बाहेरून थोडं देतो."

"अंगात आसा तर भायरून कित्याक?"

"कमी पडतं म्हणून."

"आणि ज्यास्त झाला तर?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "जास्त झालं तर झाड मरतं. शेतातलं तण मारायला हेच औषध जास्त घालून मारतात."

आबांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली. "म्हणजे ह्यां बऱ्याचां की वायटाचां?"

"ते प्रमाणावर आहे," साहेब म्हणाले.

मी चहाचे कप घेऊन दाराआड उभी होते. वाढवणारं आणि मारणारं एकच, फक्त किती घालायचं तो प्रश्न, हे ऐकून माझं डोकं गरगरलं. मीठसुद्धा तसंच की, असं मी स्वतःला समजावलं. पण मिठाने कुणी तण मारत नाही. चहा तोवर निवला.

साहेबांनी एक गोष्ट बजावून सांगितली. पोय फुटली की लगेच औषध मारायचं नाही. आधी माशा, भुंगे, मुंग्या यांचं काम होऊ द्यायचं, फुलातलं पीठ फुलाला पोचू द्यायचं, बोंडं नीट धरू द्यायची, मग फवारायचं. मी स्वतः येऊन करतो म्हणाले, आणि बाटली आमच्या फळीवर ठेवून दौऱ्यावर गेले. आता साहेबांनी सांगितलेला दिवस एकीकडे आणि पंचांग दुसरीकडे. सुलूच्या माडाला नवी पोय नुकतीच फुटली होती आणि अक्षय तृतीया तोंडावर आली होती. त्या दिवशी जे द्यावं ते कधी कमी होत नाही. असा दिवस सोडून साहेबांच्या सवडीची वाट बघायची, हे आबांच्या मनाला पटेना. त्यांनी अंतोनला बोलावणं धाडलं.

अंतोन आमचा पाडेली, सगळ्या वाडीचे नारळ पाडणारा. खाडीपलीकडच्या ख्रिस्तांवांच्या वाडीत राहायचा. दर माडावर चढण्याआधी छातीवर क्रूस काढायचा, मगच खोडाला हात लावायचा. त्या दिवशी आबांनी माडाच्या बुंध्याशी पान-विडा ठेवला आणि वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घातलं, तेव्हा अंतोन शेजारी हात जोडून उभा होता.

"बा देवा राखणदारा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली, "देशावरसून साहेब इले, बाटली ठेवून गेले. बाटलेत काय आसा ता आमका म्हायत नाय, तुका म्हायत आसतला. साहेबान सांगल्यान थांबा, पण दिवस बरो आसा म्हणान आमी थांबाक नाय. ह्या माडाचां एक बोंड गळू देव नको, माझ्या चेडवाचां लगीन मार्गाक लाव, आणि काय चुकलामाकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अंतोनचा. मग त्याने क्रूस काढला, पिचकारी पाठीला बांधली आणि सरसर वर चढला. सुलू विहिरीच्या कट्ट्यावर बसून वर बघत होती. तिच्या तोंडावर थेंब उडाले ते तिने पदराने पुसले. हसली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

आणि बोंडं गळेनात. शेजारच्या माडांखाली सडा पडायचा आणि सुलूच्या माडाखालची जमीन स्वच्छ. रोज झाडायची सवय असलेल्या मला तिथे झाडायला काही नसायचं, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. अंतोन म्हणाला, त्या पोयीकडे काही दिवस भुंगाही फिरकला नाही, वासाने असेल. त्याचं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, त्याने स्वतःही नाही. साहेब परतले तेव्हा आबांनी काही न लपवता दिवस सांगितला. साहेबांचा चेहरा पडला. "आधीच मारलंत?" मग वर पाहून तेच म्हणाले, "पण धरलीत की हो सगळी!" रागवावं की आनंद करावा, त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी मान पुसली आणि चहा घेतला.

पावसाळा सरेपर्यंत घोस इतका भरला की देठाखाली आधाराला बांबू लावावा लागला. वाडीतली माणसं येऊन बघून जायची. थंडीत जामसंड्याहून स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी फक्त आई. तिला सगळे काकी म्हणत. उंच, हाडापेराने दणकट, कमी बोलणारी बाई. आमच्या दारात आली ती आधी घरात शिरली नाही, विहिरीकडे गेली, माडाखाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली. मग आत येऊन पाटावर बसत म्हणाली, "माड बरो आसा." तेवढंच. सुलू माझ्या कानाशी लागली, "वहिनी, ही माका बघूक इली काय माडाक?"

मास्तर पाणी मागायच्या निमित्ताने विहिरीवर गेले. सुलू तिथे कळशी भरत होती. काय बोलले कोण जाणे, पण तिचं हसू घरात ऐकू आलं आणि पाठोपाठ मास्तरांचंही. संध्याकाळी भाकऱ्या थापताना सुलू एकदम म्हणाली, "वहिनी, माका थंयच जावचां आसा. ह्यां नाय झालां तर माका दुसरां स्थळ नको." सुलूला काही हवं आहे असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, आणि दोन्हींतलं जास्त काय ते सांगता येणार नाही.

पुढल्या वैशाखात नारळ तयार झाले. घोसातला सगळ्यांत मोठा आबांनी उतरवून घेतला. कानाशी धरून हलवला तर आत पाणी वाजेना. एरवी न वाजणारा नारळ आमच्याकडे कुणी हातात धरायचं नाही. पण त्या वर्षी त्या माडाबद्दल वाईट विचार करायला कुणी तयारच नव्हतं. अंतोन म्हणाला, "तुडुंब भरलो आसा, हलाक जागा खंय आसा तेका?" आबांना पटलं. मलाही पटलं. सुलूने नारळ मांडीवर घेऊन हळदकुंकू लावलं.

तरीतून खाडी ओलांडून, पुढे एसटीने आम्ही जामसंड्याला गेलो. आबा, मी आणि भावकीतली चार माणसं. तिथे अंगण सारवलेलं, बायका जमलेल्या, एक मुलगी खवणीवर बसून तयार, तिच्याशेजारी ताटात गूळ चिरलेला. काकींनी जमिनीत रोवलेल्या पारयीवर, म्हणजे टोकदार पहारीवर, नारळ सोलायला घेतला. सोडण इतकं जाड निघालं की बायका वाहवा करू लागल्या, काथ्या तरी काय निघेल म्हणाल्या. आतला नारळ मात्र सोडणाच्या मानाने लहान होता. काकींनी तो हातात तोलला आणि कोयत्याने फोडला.

आत काहीच नव्हतं. पाणी नाही, खोबरं नाही, नुसती तपकिरी सुकी साल. सडलेला असता तर घाण तरी आली असती. हा स्वच्छ रिकामा होता. खवणीवरची मुलगी उठली आणि गुळाचं ताट उचलून आत घेऊन गेली. काकींच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांचा प्रश्न मला जास्त लागला. त्यांनी आबांना विचारलं, "आता वाटूचां काय?"

आबांनी माडांच्या शेंड्यांकडे पाहिलं आणि वारा कुठला आहे ते सांगितलं.

आम्ही घरी परतलो तेव्हा सुलू दारातच उभी होती. आमचे चेहरे बघून ती पाणी आणायला आत वळली. आबांनी अंतोनकडून तो घोस उतरवून घेतला आणि अंगणात बसून नारळ फोडायला लागले. एक भरलेला निघाला, घट्ट पांढऱ्या खोबऱ्याचा. दुसरा रिकामा. मग पुन्हा भरलेला, मग दोन रिकामे. सगळेच रिकामे निघते तर औषधाला शिव्या घालून मोकळे झालो असतो. सगळे भरलेले निघते तर नशिबाला. साहेब नेमके त्या दिवसांत आले. आबा त्यांच्यावर ओरडतील म्हणून मी घाबरले होते, पण त्यांनी फक्त एक भरलेली आणि एक रिकामी कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचं भकल, साहेबांसमोर ठेवली.

"साहेब, ह्येका गुण इलो म्हणूचो की नाय?"

साहेबांनी दोन्ही भकलं उलटसुलट करून पाहिली. मग छापील नसलेल्या आवाजात म्हणाले, "आबा, गळ थांबवायची होती, ती थांबली. आत भरण्याचं मला माहीत नाही. भुंगे यायच्या आधी मारलं म्हणून असेल. नुसतं औषधानेही असेल. खरंच माहीत नाही." त्यांनी चहा अर्धा ठेवला. पुढे त्यांची बदली झाली आणि त्यांना आम्ही पुन्हा पाहिलं नाही.

आता बाजारात असल्या बाटल्या कुठल्याही दुकानात मिळतात, वर भरलेल्या झाडांची चित्रं असतात. मी त्या हातात घेते, बारीक अक्षर वाचायचा प्रयत्न करते, खाली ठेवते. धरून ठेवणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्या वर्षी मला कळलं. पण गळू दिलं असतं तर भरलेलेही हाती आले नसते, जामसंड्याची माणसं दारात आली नसती आणि सुलू विहिरीवर हसली नसती. इथवर आले की माझा विचार मागे फिरतो. उलटही लावून बघते, तरी तिथेच येऊन थांबते.

आठवड्याभराने जामसंड्याहून निरोप आला. मास्तरांनी आईकडे हट्ट धरला असावा. काकी म्हणत होत्या, एक डाव दुसऱ्या माडाचा नारळ पाठवा, आम्ही चालवून घेऊ. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. रीत मोडायला ते एका पायावर तयार झाले. आणि सुलू म्हणाली, "नको."

आम्हाला वाटलं, लाजून म्हणते आहे. पण ती ठाम होती. "दुसऱ्या माडाचो गेलो तर थंय दुसरीच कोण तरी गेली असां होतला. जल्मभर म्हणतली, हिचो माड रिकामो होतो. माझ्याच माडाचो धाडा." न फोडलेले थोडे नारळ पडवीच्या कोपऱ्यात राहिले होते. तिने त्यातला एक उचलला. मी म्हटलं, निदान हलवून तरी बघ. तर म्हणाली, "हालवलंय तर मनात येतला." मी तिच्यावर खूप चिडले. "सुलू, तुझ्या हाताने तू तुझं वाटोळं करते आहेस," असं मी तिला रडत रडत सांगितलं. तिने नारळाला हळदकुंकू लावलं आणि माझ्या ओटीत ठेवला.

पुन्हा तेच अंगण, तीच पारय, गुळाचं ताट. या खेपेला खवणीवर कुणी बसलं नव्हतं. काकींनी नारळ उचलला आणि मास्तर पुढे आले. शाळेत मुलांसमोर रोज बोलणारा माणूस, पण आईकडे न बघता नारळाकडे बघत म्हणाले, "आये, फोडू नको. रुजत घाल."

"आणि वाटूचां काय?"

"गूळ वाट."

काकी नारळ हातात घेऊन उभ्या राहिल्या. अख्खी वाट मी देवाला एकच मागत आले होते, तो भरलेला निघू दे, आणि आता तो फुटूच नये असं मागत होते. शेवटी काकी घराच्या मागे गेल्या, विहिरीच्या पाटाजवळ खड्डा केला आणि नारळ अर्धा मातीत पुरला. त्या दिवशी सगळ्यांनी नुसता गूळ खाल्ला. रुजेपर्यंत थांबलो असतो तर चातुर्मास लागला असता, म्हणून ज्येष्ठ संपायच्या आत लग्न उरकलं. सुलू सासरी गेली, आणि तिच्या आधी जाऊन तिचा नारळ तिथे मातीत बसून राहिला होता. तो नाही रुजला तर तिला त्या घरात काय ऐकून घ्यावं लागेल, या विचाराने त्या पावसात मला अन्न गोड लागेना.

गणपतीच्या सुमारास निरोप आला, रुजला. आबांनी वाडीभर साखर वाटली. भेटेल त्याला सांगत सुटले, औषधाला गुण आला, साहेब खरा होता, दिवसही खरा होता. पुढे कितीतरी वर्षं ते हे सांगत राहिले, आणि हे सांगतच समाधानाने गेले. मीही तेच धरून चालले. सुलूची मुलं झाली, जामसंड्याच्या अंगणातला तो माड धरला, पाटाचं पाणी पिऊन पिऊन चांगला जोमाचा झाला. मी जायची तेव्हा त्याचं शहाळं प्यायची.

काकी गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुलू माहेरपणाला आली होती. दुपारची वेळ, दोघी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मधेच कौलांवर बोंड पडलं, आणि आबांचं गाऱ्हाणं आठवून मी हसत म्हटलं, "काहीही म्हण, तुझा नारळ मात्र रुजला."

सुलूने शेंग खाली ठेवली. "रुजाक नाय, वहिनी."

"म्हणजे? आणि तुझ्या दारातला तो माड?"

"तो माझो न्हय."

मला काही समजेना. मग तिने सांगितलं. श्रावणातली दुपार होती, मास्तर शाळेत, घरात सामसूम. ती गोठ्यात शेण काढत होती. गोठ्याच्या फटीतून तिला काकी दिसल्या. काकींनी तिचा नारळ मातीतून उपसला. तो कुजून हलका झाला होता, हातात घेताच त्यांनाही ते कळलं असणार. तो त्यांनी दगडी गडग्यापलीकडे झाडीत भिरकावला, पदराखालून कोंब आलेला दुसरा नारळ काढला, त्याच खड्ड्यात बसवला, आणि पायाने माती दाबून सारखी केली. वर तांब्याभर पाणी घातलं. कधी नव्हे त्या इकडेतिकडे चोरासारख्या बघत होत्या.

"तुम्ही दोघी कधी बोललात यावर?" मी विचारलं.

"नाय. ती मरासर नाय, मी आजसर नाय. तुका पयल्यांदा सांगतंय." सुलू रडत होती आणि पुसतही नव्हती. "हात धुवन ती वोसरेर येवन बसली. आणि मोठ्यान हाक मारल्यान, सगळ्या शेजाऱ्यांका ऐकाक जायत अशी, 'सुलू, गो सुलू, धाव! बघ तुझो नारळ रुजलो!'"

"आणि तू काय केलंस?"

"शेणाच्या हातांनीच धावत गेलंय. खड्ड्याकडे वाकून बघितलां, आणि म्हटलां, 'व्हय गो आये, रुजलो.'"